एम-थ्री आणि म्हैस

पांढरकवड्यात रेडियम कापणारी मी एकटीच बाई आहे, आणि मी चिडकी आहे हे हायवेवरच्या बहुतेक ड्रायव्हरांना माहीत आहे. दुकान मामाचं. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चिकटवायची अक्षरं, मोर, डोळे, वाघाचं तोंड, जे म्हणाल ते. चित्राची कड संगणकावर आखायची, ती प्लॉटरला पाठवायची, प्लॉटरचं ब्लेड त्या कडेवरून फिरून चमकता कागद कापतं, मग सुईने नको तो भाग सोलून काढायचा. दहा वर्षं मी हेच करते आहे. त्याआधी मी यवतमाळला इंजिनिअरिंगला होते हे मी कोणाला सांगत नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो, "मंग सोडलं काहून?"

सोडलं एम-थ्रीमुळे. गणिताचा तिसरा पेपर. त्यात फोरियर सिरीज नावाचा धडा होता आणि तो शिकवणारे सर त्या विषयात जिल्ह्यात एक नंबर समजले जायचे. फळ्याच्या डाव्या टोकापासून लिहायला सुरुवात करायचे, उजव्या टोकाला पोचले की डावीकडचं पुसायचे. मध्ये फक्त दोन वाक्यं ऐकू यायची, "हे मोस्ट इम्पॉर्टंट" आणि "हे ऑप्शनला टाका", म्हणजे वाचूच नका. आम्ही साठ जण खाली मान घालून उतरवायचो.

मला उतरवता उतरवता एक गोष्ट छळायची. कुठलंही फंक्शन घ्या, ते साइन आणि कोसाइनच्या बेरजेत मांडता येतं, असं सर म्हणायचे. मग त्या बेरजेतला एकेक तुकडा वाढवत गेलं तर डोळ्यांना काय दिसेल? मी वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढून बघायचे, पण दोन-तीन तुकड्यांपुढे हाताने काही होत नसे. एका सकाळी मी हात वर केला.

"सर, या सगळ्याची बेरीज केली तर काय दिसतं?"

सर वळले. खडू हातात तसाच. "दिसतं म्हणजे? टॉकीज आहे का ही?"

वर्ग हसला. सरांना हसू मिळालं की ते थांबत नसत. "पोरींनी एवढा विचार नाही करायचा. फॉर्म्युला पाठ करा, स्टेपा लिहा, मार्क भेटतात. पाठांतरात तुम्ही पोरी हुशार असता."

पुन्हा हसले सगळे. मीही हसले. त्यांच्या बोलण्याचा राग तर आहेच, पण त्या दिवशी मी हसले त्याचा राग मला जास्त आहे.

तीन वेळा नापास झाले. पाठ होतच नसे. सूत्र लिहायला घेतलं की हात मध्येच थांबायचा, आपण नेमकं काय काढतोय हेच कळत नसे. तिसऱ्या निकालानंतर बाबा मला घ्यायला आले. आमचं गाव मारेगावकडे, घरी कापूस आणि तूर, वर्ष बरं गेलेलं. बाबा चिडले नाहीत. एसटीत माझी होस्टेलवरची गादी मांडीवर घेऊन बसले होते, म्हणाले, "जाऊ दे व. सगळ्यायलेच गणित जमते असं थोडीच हाये." मायेनेच म्हणाले. पण गावातही त्यांनी तेच सांगितलं, मायेनेच. बाजाराच्या दिवशी ओळखीची बाई भेटली की तीही म्हणायची, "तुले गणित जमलं नाही म्हंते ना?" सहा महिन्यांत ते माझ्या नावाला चिकटलं. मामाने दुकानात बोलावलं तेव्हा मीच आधी सांगून टाकलं, "मामा, हिशेबाचं मले सांगू नको. मले गणित येत नाही." आणि त्याच दुकानात मी रोज कोन मोजत होते, मोराची मान दीडपट करताना शेपटी फाळक्याबाहेर जाणार नाही याचं माप काढत होते. त्याला मी गणित म्हणत नव्हते. कोणी म्हणूच दिलं नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात एक ड्रायव्हर आला. हैदराबादच्या फेऱ्या करणारा, गाव इथलंच, जंगलाच्या बाजूचं. लायसन्सच्या प्लास्टिकच्या पाकिटातून त्याने वहीचं घडी केलेलं पान काढलं आणि काउंटरवर उलगडलं. दुसरीतल्या त्याच्या मुलीने काढलेली म्हैस होती. पोट फुगलेलं, एक शिंग लांब, एक आखूड, पाठीवरची रेघ थरथरती.

मामाने चष्मा चढवला. "हे म्हैस होय का डुक्कर? थांब, शिंगं बरोबर करून देतो."

"नाही मामा," ड्रायव्हर म्हणाला. "पोरीनं काढली तशीच पायजे. सुधरवू नका."

मी पान ओढून घेतलं. "मामा, तू हात नको लावू याले."

पूर्ण दुपार लागली मला. पेन्सिलीची थरथर जशीच्या तशी आखली. सोपं नव्हतं, कारण सॉफ्टवेअर स्वतःहून रेघ गुळगुळीत करत जातं आणि त्याला प्रत्येक वळणावर अडवावं लागतं. डोळा वेगळा कापला. संध्याकाळी ती म्हैस त्याच्या हिरव्या फाळक्यावर लागली, पांढरीशुभ्र. तो चार पावलं मागे जाऊन बघत राहिला. "हेच," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी प्लॉटरचं ब्लेड कोपऱ्यावर अडकत होतं, त्याचा उपाय मी मोबाइलवर शोधत होते. व्हिडिओ शोधताना खाली भलताच एक व्हिडिओ आला. एक मोठं चाक फिरतंय, त्याच्या कडेवर दुसरं लहान चाक वेगाने फिरतंय, त्याच्या कडेवर तिसरं, अशी शे-दीडशे चाकांची माळ, आणि शेवटच्या इवल्याशा चाकाच्या टोकाला पेन. सगळी चाकं आपापल्या वेगाने नुसती गोल फिरत होती आणि पेन पानावर घोडा काढत होता. खूर, आयाळ, नाकपुडी, सगळं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. मग खाली लिहिलेलं वाचलं. फोरियर सिरीज.

मी मोबाइल काउंटरवर आपटला. काच गेली. मामा आतून धावत आला, "काय झालं व?" सांगणार काय? दहा वर्षांपूर्वी मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर हे होतं. टॉकीज होती ती! खरंच दिसत होतं! आणि साठ जणांच्या वर्गात एक पोरगी विचारत होती, दाखवा, तर वर्गाला तिच्यावर हसवून तिला खाली बसवली.

पुढचा महिनाभर दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तेच करत होते. प्रोग्रामिंग कॉलेजात थोडं शिकले होते, बाकीचं इंटरनेटवर वाचलं. रीत सोपी निघाली, ज्याने डोकं आणखी फिरलं. चित्राच्या कडेवर सारख्या अंतरावर ठिपके घ्यायचे. मी म्हशीच्या कडेवर चारशे घेतले. मग त्या ठिपक्यांवरून प्रत्येक चाकाचं काढायचं, ते केवढं आणि सुरुवातीला कुठे वळलेलं. पहिलं चाक एक फेरी मारेल तोवर दुसरं दोन, तिसरं तीन. आणि तितकीच चाकं उलट दिशेने. बस. वहीत ज्याला आम्ही कोएफिशंट म्हणून घोकत होतो, ते म्हणजे ही चाकं होती.

पहिल्यांदा म्हैस पाय वर करून आली, कारण स्क्रीनवर माप वरून खाली मोजतात हे मी विसरले होते. मामा खो-खो हसला. मला नाही हसू आलं. चूक शोधली, सुधारली आणि पुन्हा चालवलं. तीन चाकांवर नुसता बटाटा आला. पंधरावर पायांच्या जागी चार फुगवटे आले. साठवर शिंगं आली, एक लांब, एक आखूड. मी चाकं वाढवत गेले आणि दीडशेच्या आसपास पाठीवरच्या रेघेत ती थरथर उतरली. एका सात वर्षांच्या मुलीची पेन्सिल जिथे हलली होती, तिथे शेवटची बारकी चाकं भराभर फिरून तेवढंच हलत होती.

आनंद व्हायला हवा होता. झाला असेलही, पण त्याच्या आधी राग आला आणि त्याने जागाच ठेवली नाही. मी मामाला म्हटलं, "उद्या दुकान तू पाह्य. मी यवतमाळले चालली."

"कायले?"

"काम हाये."

लॅपटॉप मांडीवर धरून एसटीत बसले. रस्ताभर वाक्यं जुळवत होते. सर आता विभागप्रमुख झाले होते. केबिनला कूलर, दारावर पाटी. मी आत गेले तर त्यांनी ओळखलं नाही.

"आपल्या कॉलेजच्या का तुम्ही?"

"हो. तुमच्या विषयात तीनदा नापास झालेली."

ते हसले. "असे खूप आहेत, मॅडम. बसा."

मी बसले नाही. लॅपटॉप त्यांच्या टेबलावर उघडला आणि म्हैस चालू केली. ते बघत राहिले. मग खुर्ची पुढे ओढली. पहिलं वाक्य काय बोलले? "छान आहे. पण हे सिलॅबसमध्ये नाही."

"सर, हा तुमचा फोरियरचा धडा आहे. हे तुम्ही वीस वर्षं शिकवताय."

मी चाकांची यादी उघडली. प्रत्येक चाकाचा क्रमांक, आकार, सुरुवातीचा कोन. सर यादीवरून बोट फिरवत गेले आणि एके ठिकाणी थांबले.

"हे मायनस वन, मायनस टू... हे काय?"

मला वाटलं माझी परीक्षा घेताहेत. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. परीक्षा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"उलटी फिरणारी चाकं," मी म्हटलं. "तुम्ही फळ्यावर मायनस इन्फिनिटीपासून प्लस इन्फिनिटीपर्यंत लिहायचे, तो हा मायनस."

सरांनी यादीवरचं बोट उचललं. मग म्हणाले, "आम्हाला असं कोणी दाखवलं नाही. आमच्या सरांनी लिहून दिलं, आम्ही लिहिलं."

एखाद्या चांगल्या बाईचा राग तिथे उतरला असता. माझा नाही उतरला. अडकला मात्र. ज्या माणसावर दहा वर्षं दात खात होते, तो लपवत नव्हता. त्याच्याकडे लपवायला काही नव्हतंच. पण मग "काय दिसतं" या प्रश्नाला "माहीत नाही" म्हणायला काय झालं होतं? दोन शब्द. दोन शब्दांत मी इंजिनिअर झाले असते असं मी म्हणत नाही. पण आपल्याला गणित येत नाही असं समजून दहा वर्षं तरी काढली नसती.

"सर, मी तुम्हाला वर्गात विचारलं होतं, काय दिसतं म्हणून. तुम्ही म्हणाले होते, टॉकीज आहे का ही."

"मी? असेल. मला नाही आठवत."

त्यांना आठवत नव्हतं. मी ते वाक्य दहा वर्षं सांभाळलं होतं, आणि ज्याचं होतं त्याला आठवतही नव्हतं.

त्यांनी पेन ड्राइव्ह काढला. "मुलांना दाखवतो. द्या ना फाइल." आणि मी दिली! शिक्षकाने मागितलं की द्यायचं, ही सवय हाडात असते. कॉपी होऊन गेल्यावर मला शुद्ध आली. म्हटलं, "दाखवा. पण वर्गाला सांगा की हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि एका नापास मुलीने आणून दिलं."

सर हसल्यासारखं करून म्हणाले, "असं कसं सांगता येईल, मॅडम? एकदा पोरं मास्तरवर हसली की वर्ग हातात राहत नाही."

"माझ्यावर हसली तेव्हा चांगला होता हातात," मी म्हटलं, लॅपटॉप उचलला आणि निघाले. परतीच्या गाडीत फाइल परत मागितली नाही म्हणून स्वतःला शिव्या घालत बसले.

पावसाळ्यात एक मुलगी स्कूटीवर वेलबुट्टीची पट्टी लावून घ्यायला आली. पांढरकवड्याचीच, त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मी पट्टी कापत होते. काम नसलेल्या स्क्रीनवर म्हैस फिरत होती, मी ती बंदच करत नसे. मुलगी एकदम म्हणाली, "ताई, ही तं आमच्या सरची म्हैस हाये!"

"कोणाची?"

"आमच्या सरनं वर्गात दाखवली. म्हणाले, मीच तयार केली उन्हाळ्याच्या सुट्टीत."

माझ्या हातातली सुई रेडियममधून आरपार गेली. "अजून काय म्हणाले?"

मुलगी बिचकली. "काही नाही... मीनं विचारलं, सर, काही चाकं उलटी काहून फिरते? तं सर म्हणाले, ते पेपरले येत नाही."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा बाहेर आला. "अवं, तिच्यावर कायले ओरडून राह्यली? त्या लेकराचा काय दोष?" खरंच होतं. मुलगी स्कूटीची किल्ली मुठीत धरून दाराकडे सरकली होती. तिने विचारलं होतं. दहा वर्षांनंतरही त्याच वर्गात एका मुलीने विचारलं होतं आणि तिलाही उत्तर मिळालं नव्हतं. आणि या वेळी तर उत्तर त्या माणसाला मी माझ्या तोंडाने सांगून आले होते.

"बस," मी तिला म्हटलं. स्टूल ओढलं. म्हैस बंद केली आणि फक्त दोन चाकं ठेवली. "हे एकटं सुलटं चाक. पेन काय काढते?"

"गोल."

"आता त्याच्या कडेवर त्याच वेगाचं, पण लहान, उलटं चाक. काय झालं?"

"लांबट झालं. अंड्यासारखं."

"आता दोन्ही सारखी केली."

पेन एका सरळ रेघेवर मागे-पुढे जायला लागला. दोन गोल फिरणारी चाकं आणि त्यातून सरळ रेघ. मुलगी पुढे वाकली. "आँ!" ती म्हणाली, आणि मग हळूच, "मंग हे सांगायले काय जात होतं?"

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. उचलला नाही. मग मेसेज लिहिला: ती म्हैस माझ्या गिऱ्हाइकाच्या मुलीने काढली आहे, चाकं मी बसवली आहेत, तुम्ही फक्त पेन ड्राइव्ह लावला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. ड्रायव्हर पुढच्या फेरीला आला तेव्हा त्याला सांगितलं की तुझ्या पोरीचं चित्र कोणीतरी आपलं म्हणून दाखवलं. मला वाटलं भडकेल. त्याने विचारलं, "इंजिनिअरिंग कॉलेजात दाखवलं? मोठ्या पडद्यावर?" आणि आनंदाने टायरला लाथ मारली. त्याच्यावर कशी चिडणार?

ती मुलगी पुढच्या रविवारी पुन्हा आली, सोबत वर्गातली एक मैत्रीण घेऊन. मी त्यांना बोलावलं नव्हतं. शिकवायला मला येत नाही, मी पटकन आवाज चढवते. तरी येत राहिल्या. मी एकच अट घातली, स्वतःचं चित्र आणायचं, माझं उचलायचं नाही. मैत्रिणीने चहाचा कप आणि त्याच्याखाली थोडं अंतर सोडून बशी काढली. दोन्ही एकाच माळेने काढायचं तिने ठरवलं, म्हणजे पेनाला कपावरून बशीवर उडी मारावी लागणार.

चालवलं. कप आला, बशी आली, पण उडी जिथून सुरू झाली आणि जिथे संपली, तिथे रेघ थोडी पुढे जाऊन मागे येत होती, शेपटीसारखी. आम्ही शंभर चाकं वाढवली. शेपटी बारीक झाली, पण तितकीच बाहेर राहिली. ठिपके दहापट घेतले, चाकं पाचशे केली. तरी तशीच.

"ताई, ही जात काहून नाही?"

मला वाटलं माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. ओळ न् ओळ तपासली. चूक नव्हती. दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि खरं सांगते, क्षणभर माझ्या तोंडात आलं होतं की हे तुमच्या पेपरला येत नाही.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "पुस्तक काढा."

त्यांच्या पुस्तकात एका परिच्छेदात या शेपटीबद्दल काहीतरी होतं, खाली सरांच्या सूचनेप्रमाणे पेन्सिलीने लिहिलेलं, ऑप्शन. आम्ही तो परिच्छेद चार वेळा वाचला. एक ओळ कळली, दुसरी नाही. एक वाजता मामा जेवायला हाक मारायला आला, तेव्हा आम्ही तिघी त्या एका ओळीवर भांडत होतो, आणि मी त्याच्यावर ओरडले की आत्ता नाही.